नऊ वाद्यं आणि दोन कॉर्ड: बाखचा तिसरा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो

पहिल्यांदा हा कॉन्चेर्टो ऐकला तेव्हा सवयीप्रमाणे पेटी पुढे ओढली आणि त्याचा सा शोधायला बसलो. कॅसेटच्या वेष्टनावर 'जी मेजर' असं छापलं होतं, म्हणजे पेटीच्या हिशेबात सा पांढरी पाच. पण पांढरी पाच दाबली की सूर बोचायचा आणि काळी तीनवर बोट गेलं की चपखल बसायचा. मला वाटलं टेपरेकॉर्डरचा पट्टा ढिला झालाय, म्हणून सगळंच अर्धा सूर उतरलंय. काही महिन्यांनी एका मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेला तोच कॉन्चेर्टो त्याच टेपरेकॉर्डरवर लावला, तर तो थेट पांढरी पाचवर! यंत्रात काहीच बिघाड नव्हता. एकाच स्वरलिपीसाठी दोन वाद्यवृंदांनी दोन वेगळ्या पट्ट्या धरल्या होत्या, आणि दोघांकडेही त्याचं कारण होतं.

ते कारण पुढे येईलच. आधी या रचनेची ओळख करून घेऊ. अठराव्या शतकातला जर्मन रचनाकार योहान सेबास्टियन बाख याचा हा तिसरा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो, त्याच्या कृतींच्या सूचीतला क्रमांक १०४८. फक्त तंतुवाद्यांसाठी लिहिलेला आणि सगळा मिळून दहा-बारा मिनिटांचा. पाश्चात्त्य अभिजात संगीत कधीच ऐकलं नाही असं म्हणणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा हाच ऐकवतो. लांबी आटोपशीर आहे, चाल पटकन कानात बसते, आणि मधोमध एक असं कोडं आहे की ते प्रत्येक वादकसंचाला आपापल्या परीने सोडवावंच लागतं. शंभरेक वर्षांची ध्वनिमुद्रणं शेजारी-शेजारी ठेवली तर त्या एका जागेवरून कोण काय विचार करत होतं ते ओळखू येतं.

बाख १७१७ साली क्योथेन या छोट्या जर्मन संस्थानात संगीतप्रमुख म्हणून आला. तिथला तरुण राजा लिओपोल्ड स्वतः व्हियोला द गाम्बा हे गजाने वाजवायचं वाद्य वाजवत असे. दरबार कॅल्व्हिनपंथी असल्यामुळे चर्चमध्ये भारी संगीताला फारसा वाव नव्हता, त्यामुळे बाखचा वेळ वाद्यसंगीताकडे वळला. आणि त्याच्या हाताशी माणसंही अव्वल होती. १७१३ मध्ये प्रशियाच्या गादीवर आलेल्या फ्रेडरिक विल्यमला सैन्याचं वेड होतं. त्याने बर्लिनचा दरबारी वाद्यवृंद मोडीत काढला आणि त्यातले काही कसलेले वादक क्योथेनला आले. एका राजाने खर्च वाचवला आणि दुसऱ्याच्या दरबारात संगीत फुललं. हे आपल्याकडच्या संस्थानांच्या इतिहासातही घडलंय, त्यामुळे मला ही गोष्ट अगदी ओळखीची वाटते.

१७१९ मध्ये बाख नवं हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं कीबोर्डचं वाद्य, आणायला बर्लिनला गेला. तिथे, किंवा त्या सुमारास, त्याने ब्रँडेनबर्गचा मार्कग्राफ (ही एक सरदारी पदवी) ख्रिस्टियान लुडविग याच्यासमोर वादन केलं असावं. हा प्रशियाच्या राजाचा काका. त्याने बाखकडे काही रचना मागितल्या. बाखने सहा कॉन्चेर्टो निवडून, स्वच्छ अक्षरात उतरवून, फ्रेंचमध्ये अर्पणपत्रिका लिहून पाठवले. तारीख २४ मार्च १७२१. मुखपृष्ठावर मजकूर साधा: अनेक वाद्यांसाठी सहा कॉन्चेर्टो. 'ब्रँडेनबर्ग' हे नाव त्याने दिलेलंच नाही. ते एकोणिसाव्या शतकात त्याचा चरित्रकार फिलिप श्पिटा याने रूढ केलं. हस्तलिखित पुढे बाखचा शिष्य किर्नबर्गर याच्याकडे आणि त्याच्याकडून प्रशियाची राजकन्या आना अमालिया हिच्या संग्रहात गेलं. छापून आलं ते १८५० साली, बाख जाऊन बरोबर शंभर वर्षं झाल्यावर. आज ते बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे.

आता कॉन्चेर्टो म्हणजे काय? त्या काळच्या इटलीत, विशेषतः विवाल्दीच्या हातात, या प्रकाराला एक पक्का साचा मिळाला होता. सगळा वाद्यवृंद मिळून एक ठसठशीत चाल वाजवतो. मग एखादा एकल वादक तिच्यातून निघून स्वतःची कलाकारी दाखवतो. पुन्हा सगळे मिळून ती चाल, पुन्हा एकल वादक, असं चालू राहतं. परत परत येणाऱ्या त्या चालीला ते 'रितोर्नेल्लो' म्हणतात. आपण मुखडा म्हणू. बंदिशीत गायक तानांमध्ये कितीही दूर गेला तरी मुखडा पकडून समेवर येतो, तसंच. बाखने वायमारला असताना विवाल्दीचे अनेक कॉन्चेर्टो कीबोर्डसाठी उतरवून काढले होते. तो साचा त्याने असा हाताखालून घातला होता.

पण आपल्या मुखड्यात आणि यांच्या मुखड्यात एक मोठा फरक आहे, आणि तो कळला की पाश्चात्त्य संगीताचं अर्धं कोडं सुटतं. आपला सा हलत नाही. तानपुरा एकदा जुळला की मैफल संपेपर्यंत तोच षड्ज. इथे मात्र सा जागा बदलतो. मुखडा पहिल्यांदा पांढरी पाचवरून येतो, थोड्या वेळाने पंचमालाच सा मानून येतो, नंतर मायनर सप्तकांत, म्हणजे कोमल गंधाराच्या छायेत येतो. चाल तीच, पायाखालची जमीन वेगळी. शेवटी तो पुन्हा मूळ जागी आला की घरी आल्याचा जो सुटकेचा आनंद होतो, त्यावर ही सगळी इमारत उभी आहे. तानपुऱ्याची सवय असलेला कान सुरुवातीला थोडा भांबावतो. तीन-चार वेळा ऐकलं की सा सरकल्याचा क्षण आपोआप पकडता येतो, आणि मग त्यातली गंमत कळते.

इथवर सगळं साच्याप्रमाणे. पण या कॉन्चेर्टोत एकल वादकच नाही. किंवा असं म्हणा, की सगळेच एकल वादक आहेत. बाखने तीन व्हायोलिन, त्याहून जरा मोठे आणि खालच्या सुराचे तीन व्हायोला आणि आणखी खालच्या सुराचे तीन चेलो मांडले, आणि खाली आधाराला एक मोठं खर्जाचं वाद्य आणि हार्पसिकॉर्ड. नऊ जणांना नऊ स्वतंत्र ओळी. त्यात व्हायोला तीन, हे महत्त्वाचं. त्या काळी व्हायोला म्हणजे मधली जागा भरून काढणारं वाद्य. चांगला वादक सहसा व्हायोलिन हाती घ्यायचा. बाखच्या मुलाने पुढे लिहून ठेवलंय की वडिलांना व्हायोला वाजवायला आवडायचं. हा कॉन्चेर्टो ऐकताना मला ते वाक्य आठवतं. वरचे आणि खालचे सूर कानावर पडताहेत आणि आपण मधोमध बसून सगळं ऐकतोय, अशा माणसाने लिहिल्यासारखी ही रचना आहे.

पहिला भाग सुरू होतो तो तीन सुरांनी: सा नी सा. नी शुद्ध, म्हणजे साच्या अगदी लगतचा. दोन छोटे ठोके आणि एक लांब, तक-धाऽ. एवढासाच तुकडा, पण पुढची पाच-सात मिनिटं तो कुठे ना कुठे चालूच असतो. सुरुवातीला तिन्ही व्हायोलिन एकच ओळ वाजवतात, तिन्ही व्हायोला एक, तिन्ही चेलो एक. म्हणजे नऊ माणसं असूनही आवाज तिघांचाच. वीसेक सेकंदांत मुखडा संपतो आणि मग हे गट फुटतात. व्हायोलिनांनी टाकलेला तो तीन सुरांचा तुकडा व्हायोला उचलतात, त्यांच्याकडून चेलो. थोडं पुढे गेलं की गटाच्या आतही देवाणघेवाण सुरू होते: पहिलं व्हायोलिन, दुसरं, तिसरं.

हे ऐकायला हेडफोन लावा. चांगल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात तीन व्हायोलिन डावीकडे, चेलो उजवीकडे किंवा मधोमध, असे वेगळे बसवलेले असतात आणि तो तुकडा डोक्यात इकडून तिकडे फिरताना प्रत्यक्ष जाणवतो. अर्ध्याच्या पुढे एके ठिकाणी पहिलं व्हायोलिन अचानक नवीनच ओळ काढतं, उड्या घेत वर जाणारी. वाटतं, आला एकदाचा एकल वादक. पण लगेच दुसरं व्हायोलिन तीच ओळ घेतं, आणि खाली बाकीचे 'सा नी सा' चालूच ठेवतात. कोणालाही फार वेळ पुढे राहू द्यायचं नाही, असं जणू ठरलेलं आहे. भजनात टाळकऱ्यांमधला एकजण मध्येच वर चढवतो आणि बाकीचे त्याला सामावून घेतात, तेव्हा जे होतं त्याची मला इथे आठवण होते. तिथली शिस्त वेगळी, संगीत वेगळं, पण माणसांनी एकमेकांना जागा करून देणं तेच.

मग पहिला भाग संपतो आणि कोडं येतं.

कॉन्चेर्टोचे साधारण तीन भाग असतात: जलद, संथ, जलद. इथे संथ भागाच्या जागी बाखने एकच मात्रा-कोष्टक, म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमध्ये मावणारा तुकडा, लिहिलंय. वर 'अदाजो', म्हणजे संथ, असा शब्द आणि खाली फक्त दोन कॉर्ड. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर. पान हरवलंय म्हणावं तर तसंही नाही. हस्तलिखितात हे कोष्टक पानाच्या मधोमध आहे, आधी पहिल्या भागाचा शेवट, नंतर तिसऱ्याची सुरुवात. म्हणजे बाखने ते जाणूनबुजून तसं लिहिलंय.

घरात पेटी असेल तर हे दोन कॉर्ड स्वतः वाजवून बघा. मधल्या सप्तकातली पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा एकदम दाबा. हा पहिला. आता सगळ्यात खालचं बोट लगतच्या डावीकडच्या पांढरी सातवर आणा आणि बाकीची दोन काळी दोन आणि काळी तीनवर. हा दुसरा. खालचा सूर जेमतेम अर्ध्या सुराने घसरला, आणि मध्ये काळी दोन आली. पांढरी पाचला सा धरलं तर ही काळी दोन म्हणजे कोमल धैवताची जागा. पहिला भाग शुद्ध सुरांवर, बिलावल थाटात, संपलेला होता. त्यात हा एक बाहेरचा सूर. कान लगेच ताणला जातो. आता काहीतरी यायला हवं असं वाटतं. पांढरी तीन, पाच, सात दाबलीत की तो ताण सुटेल. पण बाख ते करत नाही. दुसरा कॉर्ड तसाच टांगून ठेवतो आणि तिसरा भाग वेगळ्याच दारातून, मूळ 'सा'वरून, धाडकन सुरू करतो.

या चालीला 'फ्रिजियन' समाप्ती म्हणतात. कोरेल्लीसारख्या इटालियन रचनाकारांच्या संगीतात संथ भागाच्या शेवटी ती पुष्कळदा सापडते: संथ भाग संपताना उत्तराऐवजी प्रश्न सोडून जायचा, आणि जलद भागाने त्याचं उत्तर द्यायचं. म्हणजे बाखने संथ भाग गाळला आणि त्याचा फक्त शेवटचा प्रश्न ठेवला. आता वादकाने काय करायचं?

वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळं केलं. एक पक्ष म्हणतो, लिहिलंय तेवढंच वाजवा. दोन कॉर्ड, एक श्वास, आणि पुढे चला. दुसरा म्हणतो, ही तर वादकाला दिलेली मोकळीक आहे. त्या काळी दोन कॉर्डच्या मध्ये व्हायोलिन किंवा हार्पसिकॉर्डवाल्याने स्वतःच्या मनाने काहीतरी गुंफणं ही सर्वमान्य रीत होती. बाख स्वतः कीबोर्डवर बसून हे करत असेल असं मानणारेही आहेत. तिसरा पक्ष बाखच्याच दुसऱ्या रचनेतला संथ भाग इथे आणून बसवतो, कधी जी मेजरमधल्या व्हायोलिन सोनाटाचा, सूचीतल्या १०२१ क्रमांकाच्या रचनेचा. त्यातला एक भाग अशाच कॉर्डवर संपतो, त्यामुळे सांधा दिसत नाही.

माझं मत विचाराल तर मला थोडक्यात गुंफलेलं आवडतं. पंधरा-वीस सेकंद एखाद्या व्हायोलिनने त्या पहिल्या कॉर्डमधून आलाप काढल्यासारखं वर जावं आणि दुसऱ्यावर उतरून थांबावं. नुसते दोन कॉर्ड वाजवून टाकले की मला नेहमी घाई वाटते. पूर्ण संथ भाग आणून घातला तर बाखने मुद्दाम ठेवलेली पोकळी बुजते.

आणि तिसरा भाग? तो सोपा आहे आणि तो सोपाच राहू द्यावा. बारा-अष्टमांशाच्या तालात, म्हणजे तीन-तीनच्या चार झोकांत, धावणारं नाचाचं संगीत. पहिलं व्हायोलिन निघालं की दुसरं त्याच वाटेने, मग तिसरं. थांबायला जागाच नाही. इथे तिन्ही चेलोंना बाखने एकत्र बांधून टाकलंय, ते खर्जाबरोबर एकच ओळ वाजवतात. पहिला तुकडा बारा कोष्टकांचा, दुसरा छत्तीसचा, दोन्ही परत वाजवायचे. दुसरा तुकडा एवढा मोठा की परत सुरू झाल्यावर लक्षातही येत नाही की हे आपण आत्ताच ऐकलं.

आता ध्वनिमुद्रणांकडे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साडेचार मिनिटांच्या आसपास संगीत मावायचं. त्यामुळे पहिला भाग सहसा मध्येच कापावा लागे, आणि ऐकणाऱ्याला उठून तबकडी उलटावी लागे. वाद्यवृंदाचा संचालक फुर्टवेंग्लर याने १९३० साली बर्लिन फिलहार्मोनिककडून हा कॉन्चेर्टो वाजवून घेतला तो असाच. ते ऐकलं की प्रथम धक्का बसतो: आवाज जाडजूड, चाल धीमी, जणू शे-दीडशे वर्षं पुढच्या सिम्फनीचा भाग. पण मन लावून ऐका. त्यातला भक्तिभाव खरा आहे. त्या पिढीसाठी बाख म्हणजे देवळाचा गाभारा होता, आणि गाभाऱ्यात कोणी पळत नाही.

१९३५ साली व्हायोलिनवादक आडोल्फ बुश याने लंडनमध्ये सहाही कॉन्चेर्टो छोट्या संचाबरोबर रेकॉर्ड केले. हार्पसिकॉर्डऐवजी पियानो, वाजवणारा त्याचा जावई रुडॉल्फ सेर्किन. सेर्किन ज्यू होता. बुश स्वतः ज्यू नव्हता, तरी १९३३ मध्ये नाझींची राजवट येताच त्याने जर्मनीत वाजवायचं बंद केलं. देश सोडून आलेल्या माणसांनी एकत्र बसून वाजवलेला हा बाख आहे. पियानोचा आवाज आज कानाला परका वाटेल, तांत्रिक चुकाही ऐकू येतील, पण नऊ माणसं एकमेकांचं ऐकतायत हे त्यात जितकं जाणवतं तितकं नंतरच्या कित्येक गुळगुळीत ध्वनिमुद्रणांत जाणवत नाही. मी ते वारंवार ऐकतो.

पन्नास-साठच्या दशकांत एलपी आणि स्टिरिओ आले, आणि मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांची ध्वनिमुद्रणं बाजारात आली. क्लेम्पेरर, कारायान या संचालकांची नावं तुम्हाला सापडतील. आवाज सुंदर, पण एकेका ओळीवर चार-पाच वादक असले की नऊ आवाज वेगळे राहत नाहीत, भिंत होते. अपवाद कार्ल रिख्टरचा. म्युनिकच्या त्याच्या बाख वाद्यवृंदाने १९६७ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण आधुनिक वाद्यांवरचंच आहे, पण त्यातला ताल पोलादी आहे. याच रिख्टरने वाजवून घेतलेल्या दुसऱ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोचा पहिला भाग १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेला. त्याच तबकडीवर मूळच्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवीही आहे. बाख आणि केसरबाई एकाच तबकडीवर सूर्यमालेच्या बाहेर गेले, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण खरी कलाटणी रिख्टरच्या आधीच, १९६४ मध्ये मिळाली होती. व्हिएन्नाच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवणारा निकोलाउस हार्नोनकोर्ट बाखच्या काळची वाद्यं जमवत होता. त्याने आपल्या कॉन्सेन्टस म्युझिकस या संचाकडून सहाही कॉन्चेर्टो जुन्या वाद्यांवर वाजवून घेतले. आणि इथे माझ्या काळी तीनचं उत्तर आहे.

जुनं वाद्य म्हणजे नुसतं जुनं लाकूड नव्हे. तारा पोलादाच्या नसतात, आतड्याच्या तातीच्या असतात. तात पोलादी तारेपेक्षा नरम बोलते, पण सुराच्या सुरुवातीला तिचा खरखरीत स्पर्श ऐकू येतो, आणि हवेतल्या ओलाव्याने तिचा सूर पटकन हलतो. गज हलका आणि वेगळ्या बाकाचा असतो. त्याने लांब, सलग ओढण्यापेक्षा तुटक आणि बोलका सूर सहज निघतो. 'सा नी सा' या तुकड्यातला शेवटचा सा जड गजाने वाजवला तर तो पुढच्या सुराला चिकटतो; या गजाने वाजवला तर आपोआप हलका होऊन सुटतो, आणि संगीत नाचायला लागतं. सूर कंपवत ठेवण्याची सवयही इथे कमी असते, त्यामुळे कॉर्ड स्वच्छ, कोरा ऐकू येतो. त्या दोन कॉर्डमधली काळी दोन किती बोचरी आहे ते मला अशाच एका ध्वनिमुद्रणात पहिल्यांदा कळलं.

पट्टीचं म्हणाल तर बाखच्या काळी सगळीकडे एकच पट्टी नव्हती. गावोगावी, चर्चमध्ये आणि दरबारात वेगवेगळ्या पट्ट्या चालायच्या. आज जगभर मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाची कंपनसंख्या ४४० धरतात. जुनी वाद्यं वाजवणाऱ्यांनी आपापसांत सोयीसाठी ४१५ हा आकडा ठरवला. तो बरोबर अर्ध्या सुराने खाली येतो. म्हणून ४१५ला वाजवलेला जी मेजर आपल्या पेटीवर काळी तीनवर सापडतो. गायकाने तब्येतीनुसार पांढरी पाचऐवजी काळी तीनवर गायला बसावं इतकी ती साधी गोष्ट आहे. तातीच्या तारेवर तेवढाच ताण कमी पडतो आणि आवाज जरा गडद, सैलसा होतो.

हार्नोनकोर्टनंतर रांगच लागली. गुस्ताव लिओनहार्टचं १९७०च्या दशकातलं ध्वनिमुद्रण सावकाश बोलणाऱ्या विद्वानासारखं आहे. प्रत्येक वाक्य नीट पूर्ण करणारं. ट्रेव्हर पिनॉक आणि इंग्लिश कॉन्सर्टचं १९८२चं खळाळतं, प्रसन्न. नव्याने ऐकणाऱ्याला मी बहुतेक वेळा हेच सुचवतो. राइनहार्ट ग्योबेलने म्युझिका अँटिका क्योल्नबरोबर ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जे केलं त्याने मात्र भांडणं लागली. शेवटचा भाग इतका जलद की बोटांची सीमा दिसते. मला ते वर्षातून एकदा ऐकायला आवडतं, रोज नाही. वेगात तीन व्हायोलिनांच्या तीन वाटा एकमेकींत मिसळून जातात, आणि त्या वाटा वेगळ्या ऐकू येणं हाच तर या भागाचा आनंद. मिलानच्या इल जार्दिनो आर्मोनिकोने नव्वदीत केलेल्या ध्वनिमुद्रणातही तिखटपणा आहे, पण तिथे ओळी हरवत नाहीत.

या रांगेत न बसणारं एक ध्वनिमुद्रण आहे, आणि ते एकाही तंतुवाद्याविना केलेलं आहे. १९६८ साली अमेरिकेत वेंडी कार्लोसने मूग सिंथेसायझर या तेव्हाच्या नव्याकोऱ्या यंत्रावर बाखच्या रचना वाजवल्या आणि त्यात हा तिसरा ब्रँडेनबर्ग पूर्ण घेतला. त्या यंत्रातून एका वेळी एकच सूर निघायचा. म्हणजे नऊ-दहा ओळी एकेक करून, टेपवर टेप चढवून, सूर जुळवत रचाव्या लागल्या. कष्टांचा विचार केला तरी हात जोडावेसे वाटतात. आणि ते यंत्र या रचनेला का मानवलं तेही कळतं: प्रत्येक ओळीला वेगळा रंग देता आला, त्यामुळे कुठली ओळ कुठे जाते ते लहान मुलालाही ऐकू येतं. त्या दोन कॉर्डच्या जागी कार्लोसने स्वतःचं काहीतरी बेधडक नवं, विजेच्या आवाजांचं, बसवलं. पुढे कार्लोसने हा मधला भाग पुन्हा निराळ्या रूपात केला. बाखने ठेवलेल्या मोकळ्या जागेचा इतका मनापासून उपयोग फार थोड्यांनी केला असेल. तो अल्बम प्रचंड खपला, त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाले, आणि कित्येकांच्या घरात बाख पहिल्यांदा पोहोचला तो त्या मार्गाने.

यंत्रावर वाजवणं हा बाखचा अपमान आहे असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की बाखने स्वतःच या रचनेला दुसरे कपडे चढवले आहेत. १७२९ साली लाइपझिगमध्ये, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सोमवारच्या प्रार्थनेसाठी त्याने एक कांटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना, लिहिली, सूचीतली १७४ क्रमांकाची, आणि तिच्या सुरुवातीला या कॉन्चेर्टोचा पहिला भाग जसाच्या तसा उचलून त्यात दोन हॉर्न आणि ओबो वर्गातली तीन, अशी फुंकून वाजवायची वाद्यं नव्याने घातली. नऊ तंतुवाद्यांचा दरबारी संवाद चर्चमध्ये जाऊन सणाचा गजर झाला. ते ध्वनिमुद्रणही शोधून ऐका. 'सा नी सा'वर हॉर्न चढतात तेव्हा अंगावर काटा येतो.

आणि आता ऐकण्याबरोबर बघायची सोय झाली आहे. नेदरलँड्स बाख सोसायटी बाखची प्रत्येक रचना चित्रित करून इंटरनेटवर मोफत ठेवते आहे, त्यात हा कॉन्चेर्टोही आहे. मी सुचवीन की एकदा डोळे मिटून ऐका आणि मग बघा. समोर काठी हलवणारा कोणी नाही. पहिल्या भागात चेलोवाल्या तिघांकडे लक्ष ठेवा: गट फुटल्यावर एकाचा गज खाली जात असतो, दुसऱ्याचा वर, तिसरा थांबून वाट बघत असतो. मग ते दोन कॉर्ड येतात. आणि शेवटचा भाग सुरू झाला की तिघांचे गज एकदम चालायला लागतात, बैलजोडीच्या पावलांसारखे, आणि अखेरच्या सुरापर्यंत तसेच चालतात.